ईनबाई, तुमची मूठभर माती

ईनबाई,

काल तुमच्या वावरात, तुमच्या शेतावर, जाऊन आले. चार वर्षं तुम्ही "एक डाव येऊन तं पाहा जी" म्हणत होतात आणि चार वर्षं मी गुडघा, पाहुणे, ऊन, लग्नसराई अशी कारणं सांगत होते. अमरावतीहून मूर्तिजापूर म्हणजे काही परदेश नव्हे. परदेशात तर आपण दोघी एका खोलीत राहून आलो. तुमचं वावर पाहायला मात्र मला तुमची तेरवी होऊन जावी लागली.

तेरवीला मी एका कडेला बसून ऐकत होते. लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते, पण ते सगळं कोणाहीबद्दल बोलता येईल असं होतं. कष्टाळू, मायाळू, देवभोळ्या. देवभोळ्या तर तुम्ही मुळीच नव्हता. तुमचा माझा जो काही हिशोब होता तो तिथे सांगण्यासारखा नव्हता, म्हणून इथे लिहिते आहे. एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझं बोलणं थोडं लांबतं. तुम्ही मध्येच "बरं मंग?" म्हणून मला मुद्द्यावर आणत होतात. आता तेही मलाच करावं लागणार.

आमच्याकडे विहीणबाई म्हणतात. तुम्ही पहिल्या भेटीत "ईनबाई" अशी हाक मारलीत तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला ते जरा गावठी वाटलं होतं. माझी केतकी आणि तुमचा नीलेश यांनी आपापलं जमवलं होतं, आणि आपण दोघी आमच्या दिवाणखान्यात एकमेकींकडे पाहत बसलो होतो. तुम्ही आमच्या कुंडीतल्या जास्वंदीकडे पाहून म्हणालात, "मुया गुदमरून राह्यल्या हिच्या." मी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका. मला राग आला. तुम्ही गेल्यावर कुंडी उपडी करून पाहिली तर मुळं खरंच एकमेकांत गुंडाळली होती. हट्टानं तशीच परत लावली, आणि हे मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

लग्नात मुलाच्या आईचा मान असतो. चांदीचं ताट, कोमट पाणी, नवा टॉवेल, सगळं मी मांडून ठेवलं होतं. माझ्या आईनं तिच्या विहिणीचे पाय धुतले होते, मीही धुणार होते. मनातून मला ते आवडत नव्हतं, पण करायचं तर रीतसर करायचं हा माझा स्वभाव. तुम्ही पाटावर बसलात, मी खाली वाकले, आणि तुम्ही पाय मागे ओढून घेतलेत. "माह्या पायाले हात नका लावू जी. वावरातले पाय हायेत, तुमचं पानी खराब होईन," असं म्हणून हसलात आणि मला दंडाला धरून उठवलंत. बायका कुजबुजल्या. मला वाटलं, आपला अपमान झाला. तुम्ही मला वाचवत होतात हे कळायला मला बराच वेळ लागला. पण द्यायचा मान राहिला तो राहिलाच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग पोरं सिंगापूरला गेली. आपण दोघी इकडे एकट्या, तुम्ही गावात आणि मी अमरावतीच्या कॅम्पात. पोरांनी ठरवलं की दोघी आयांना एकत्र बोलवायचं आणि एका छोट्या जहाजावर निसर्ग दाखवायला पाठवायचं. नाचगाण्याचं जहाज नव्हे. जंगल, बागा, पक्षी पाहणाऱ्यांचं. केतकी म्हणाली, "आई, तुझ्या आवडीचं आहे आणि त्यांनाही सोबत होईल." म्हणजे मी तुमची सोबत करायची होती. इंग्रजी मला येत होतं, पासपोर्ट मी सांभाळणार होते, तुम्हाला वाट चुकू न देण्याची जबाबदारी माझी होती. विमानतळापासून मी तुम्हाला सहलीला आणलेल्या विद्यार्थिनीसारखं वागवलं. तुम्ही निमूट ऐकून घेतलंत. खिडकीजवळचा पलंग तेवढा न विचारता मला दिलात आणि वर म्हणालात, "पोरीची माय खिडकीपाशी निजन, पोराची माय दारापाशी." ही रीत तुम्ही त्याच क्षणी तयार केली होती.

पेनांग बेटावरचा तो दिवस मला तासातासानं आठवतो. सकाळी छोट्या होडीतून काठावर, तिथून बसनं डोंगराच्या पायथ्याशी. आपल्याला जंगल दाखवायला सेल्वी नावाची एक तमिळ मुलगी होती. मूळची तिकडचीच, पण आजी मद्रासकडची. तिला मोडकंतोडकं हिंदी येत होतं आणि तुमचं हिंदीही तसंच, त्यामुळे तुमचं दोघींचं माझ्याशिवाय छान जमलं. माझं दुभाषेपण दहा मिनिटांत संपलं. तुम्ही डोक्यावर पदर, पायात नीलेशनं घेऊन दिलेले पांढरे बूट, आणि हातात काठी म्हणून माझी छत्री, अशा पुढे चालत होतात.

जंगलात शिरलो तसा उजेड हिरवा झाला. मी आयुष्यभर सदाहरित वर्षावन शिकवलं. फळ्यावर त्याचे चार थर काढले, रंगीत खडूंनी. सेमाडोहच्या जंगलात कॉलेजच्या पोरांना दरवर्षी नेलं, पण तिथे साग. उन्हाळ्यात सगळं निष्पर्ण, पायाखाली वाळलेली पानं कुरकुरतात. इथे झाडांच्या बुंध्यांना भिंती फुटलेल्या, माणूस आड लपेल एवढ्या. वेलीवर वेली. वरून थेंब थेंब गळत होतं आणि पाऊस तर नव्हता. माझे डोळे भरून आले, हे मी तुम्हाला लपवून चष्मा पुसत राहिले. तुम्ही पाहिलं होतं. तुम्ही सेल्वीला सांगितलंत, "मॅडमले त्यायचं पुस्तक भेटलं आज." आणि मला थोडं एकटं सोडलंत. त्याबद्दल आभार मानायचे राहिले, ते आज मानते.

पण तुम्ही वर पाहतच नव्हता. सगळे मान वर करून माकडं शोधत होते आणि तुम्ही खाली वाकून माती पाहत होतात. पान बाजूला सारलं, बोटानं उकरलं, चिमटीत घेऊन चोळलं, नाकाशी नेलं. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "ईनबाई, हे जमीन तं काहीच नाई! पिवयी फटक. आपल्या बांधावरची मातीई याच्याहून बरी. मंग एवढाल्या झाडायले खाऊ कोन घालते?"

हाच प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत घालत होते, पाच गुणांना. उत्तर मला पाठ होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी ते सोप्या शब्दांत जुळवू लागले. तोवर सेल्वीनं बुटाच्या टोकानं पाचोळा सारला. वरचा थर काळसर, ओला, त्यात कापसाच्या धाग्यासारखी पांढरी बुरशी पसरलेली. खाली लगेच पिवळी माती. चार बोटं आडवी धरून ती म्हणाली, "बस इतना. सब इसमें." जे काही आहे ते या चार बोटांत. पान पडतं, कुजतं, झाड पुन्हा खातं. जंगल तोडून जाळलं तर दोन-तीन पिकं येतात आणि मग ती जमीन मरते.

तुम्ही वाकून तो पाचोळा परत जागेवर सारलात. बसमध्ये बसल्यावर म्हणालात, "मंग आपन धुरे काहून पेटवतो जी?"

उन्हाळा आला की आपल्याकडे वावराचे धुरे पेटवतात. बांधावरचं गवत, काड्या, पालापाचोळा, सगळ्याला काडी लावून वावर चकचकीत करतात. तुमच्या सासऱ्यांनी केलं, मालकांनी, म्हणजे नीलेशच्या वडिलांनी, केलं, तुम्ही केलंत. मी शिकवण्याच्या सुरात सांगितलं की तुमची जमीन वेगळी, खोल, कसदार. इथला पाऊस आपल्या कित्येक पट, इथली तुलना तिथे करता येत नाही. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तुमी बरोबरच सांगत असान. पन पान तं पानच असते ना?" मी म्हटलं, विषय इतका सोपा नाही. आपला वाद तिथून सुरू झाला, आणि तो चार वर्षं चालला.

दुपारी बागेत गेलो. लवंग, दालचिनी, मिरवेल. जायफळाच्या झाडाखाली सेल्वीनं एक फळ फोडून दाखवलं. आत तपकिरी बी आणि तिच्यावर लालभडक जायपत्रीची जाळी. तुम्ही ते तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत होतात. "जन्मभर पुरनात किसून टाकलं, पन ह्याचं तोंड नोतं पाह्यलं," म्हणालात. नवी सून आल्यासारखं त्याच्याकडे पाहत होतात. मग आपण जायफळाचा थंडगार रस प्यायलो, तुम्हाला तो औषधासारखा लागला आणि तुम्ही तुमचा पेला माझ्यापुढे सरकवलात. मी दोन्ही प्यायले. फार सुखाची दुपार होती ती. तुमच्या पांढऱ्या बुटांना चिखल लागला होता आणि तुम्ही बाकावर पाय सोडून बसला होतात.

आणि मग ते जहाजाचं दार.

होडीतून जहाजावर चढताना एक अधिकारी उभा असायचा. सकाळीच सांगितलं होतं की बेटावरून झाड, बी, माती काही आणायचं नाही. तो प्रत्येकाला विचारत होता, सगळे नाही नाही म्हणत आत जात होते. आपली पाळी आली. तुम्हाला प्रश्न कळला नाही. मला कळला. आणि तुमच्या पदराच्या टोकाला लिंबाएवढी गाठ मी मघाशीच पाहिली होती.

मी नाही म्हणाले असते तर काय झालं असतं? काही नाही. तो पुढच्याकडे वळला असता. पण एकतीस वर्षं मी परीक्षागृहात फिरले आहे, बाहीतल्या चिठ्ठ्या दुरून ओळखल्या आहेत. माझं तोंड माझ्याआधी बोललं. "येस," मी म्हणाले, "हिच्याजवळ माती आहे." आणि बोटानं तुमचा पदर दाखवला. ईनबाई, बोटानं. भर रांगेत.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नव्हे, नुसतं पाहिलंत. मग गाठ सोडलीत. ती घट्ट होती, दातांनी सोडावी लागली. माती त्याच्या पिशवीत झटकलीत, पदर दोनदा झटकलात, पिवळा डाग राहिला. मागचे लोक सौजन्यानं दुसरीकडे पाहत होते. मी नियम किती महत्त्वाचा आहे, परकी कीड, रोग कसे पसरतात, हे तुम्हाला जिना चढता चढता समजावत होते. बरोबरच होतं ते. नियम आजही मला पटतो. पण तुमच्या कानाशी हळूच सांगितलं असतं तर तुम्ही स्वतः होडीतच ती झटकून टाकली असतीत. इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही.

संध्याकाळ झाली. जेवायला गेलो. समोर ती त्यांची उकडलेली, बेचव भाजी. मी काट्यानं इकडून तिकडे करत होते. तुम्ही पिशवीतून तुमचा ठेच्याचा डबा काढलात, चमच्याच्या टोकावर ठेचा घेऊन माझ्या ताटाच्या कडेला लावलात आणि स्वतःच्या ताटात पाहून जेवू लागलात. मी तो खाल्ला. नाकातोंडातून पाणी आलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ठसका लागला, तुम्ही पाण्याचा पेला पुढे केलात आणि म्हणालात, "हयू हयू खा जी." विषय संपला असं मी धरून चालले. तुम्ही माफ केलं होतंत हे खरं, पण मी माफी मागितलेली नव्हती.

परत आल्यावर त्या उन्हाळ्यात तुम्ही धुरा पेटवला नाहीत. विहिरीजवळचा अर्धा एकराचा कोपरा तुम्ही तसाच सोडला. नांगर नाही, काडी नाही, झाडू नाही. उलट अंगणातला कडुनिंबाचा पाला पोत्यात भरून तिथे नेऊन टाकायचात. तुमचं वावर मक्त्यानं करणारे रामभाऊ डोक्याला हात लावून बसले. गावातल्या बायका म्हणायच्या, शेवंताकाकू जंगल पेरून राह्यली. दर रविवारी तुमचा फोन. "ईनबाई, तरोटा उगवला. ईनबाई, बोरीचं रोप आपोआप आलं. ईनबाई, मुंगूस दिसलं." आणि दर रविवारी माझं तेच. आपल्या पावसात वर्षावन होत नाही. तुम्ही म्हणायचात, "वर्षावन कोन म्हनते जी? मी तं नुसतं पान पडू देऊन राह्यले." मी म्हणायचे, काळ्या मातीत अशानं काही फरक पडत नाही, पडला तर वीस वर्षांनी. तुम्ही म्हणायचात, "येऊन तं पाहा." मी म्हणायचे, गुडघा.

खरं कारण गुडघा नव्हतं. तुम्ही करून पाहत होतात आणि मी जन्मभर नुसतं शिकवलं. तिथे जाऊन तुम्ही चुकलेल्या दिसलात तर मला वाईट वाटलं असतं, आणि बरोबर दिसलात तर जास्त.

शेवटच्या रविवारी तुम्ही म्हणालात, "या उन्हाळ्यात तुमाले आनतोच पाहा. हात धरून." मी हो म्हटलं. पुढचा फोन नीलेशचा आला.

तेरवी झाली आणि पोरं परत जायला निघाली, तेव्हा रामभाऊंनी नीलेशला सांगितलं की यंदा कोपरा साफ करून घेतो. तिथे रानडुकरं बसतात, शेजारचे कुरकुर करतात, काकूंचा शौक होता तो काकूंबरोबर गेला. नीलेशला नाही म्हणवेना आणि हो म्हणवेना. विमानतळाकडे जाताना मला म्हणाला, "आई, तुम्ही एकदा पाहून सांगा. तुम्ही म्हणाल ते करू. माझ्या आईचा तुमच्यावर भरवसा होता या बाबतीत." चार वर्षं जिच्याशी मी भांडले तिचा माझ्यावर भरवसा होता. म्हणून काल गेले. रामभाऊंनी काडीपेटी खिशात ठेवलेलीच होती.

ऊन रणरणत होतं. वावर कोरडं, भेगाळलेलं. एका भेगेत माझी चप्पल अडकली, पाऊलभर रुंद भेग. रामभाऊ पुढे, मी मागे, मनात म्हणत, शेवंताबाई, चांगलं चालवलंत मला या वयात. विहिरीशी पोचलो. बोरी, बाभळी, दोन पळस, मध्ये एक जुना निंब. काही भव्य नव्हतं, ईनबाई. मी उगाच तुम्हाला खूश करायला लिहिणार नाही. नुसती झुडपं आणि पाचोळा. चिमण्यांचा कालवा मात्र होता, बाकी वावरात एकही पाखरू नव्हतं.

मग मला दिसलं की पाचोळ्याच्या कडेशी भेगा थांबतात.

मी खाली बसले. गुडघा कुरकुरला, बसले तरी. पान सारलं, बोटानं उकरलं, तुम्ही करायचात तसं. वर चुरा, मग काळसर कुजलेलं, मग माती. हात आत गेला. ऐन उन्हाळ्यात, शेजारी जमीन फाटलेली असताना, तिथे गार लागलं. मूठ भरून दाबली तर गोळा झाला. आणि त्या गोळ्यात कापसाच्या धाग्यासारखे ते पांढरे तंतू होते. मी चार बोटं आडवी धरून पाहिली. चार नव्हती, दीडच बोट थर होता. पण होता.

तुम्ही जिंकलात. एवढंच म्हणायला चार वर्षं बोलावत होतात, आणि मी एवढ्यासाठीच येत नव्हते.

रामभाऊंना मी समजावू लागले. ओलावा, बुरशी, कुजणं, सगळं. ते सभ्यपणे मान हलवत होते आणि हात खिशातल्या काडीपेटीवर होता. माझं व्याख्यान ऐकताना वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरं अशीच मान हलवायची. मग ते म्हणाले, "मॅडम, या निंबाखालची मी सोडून देईन. ते जागा मालकायची हाय. मालक कुठंई गेले, मोझरीले जावो का पाहुण्याच्या गावाले, तिथली मूठभर माती आनून या निंबाखाली टाकत. थे वारले तवापासून काकू टाकत." निंबाकडे पाहून म्हणाले, "समुद्रापारची आनाची होती त्यायले. पन जहाजवाल्यायनं नेऊ देली नाई, म्हने."

जहाजवाल्यांनी.

मी निंबाला पाठ टेकून बसले. मला वाटत होतं तुम्हाला ती माती प्रयोगाला हवी होती, ताडून पाहायला. तुमच्या मालकांसाठी होती ते तुम्ही सांगितलं नाहीत. आणि ती जहाजाच्या दारात कोणी झटकायला लावली ते गावात कोणाला सांगितलं नाहीत. चार वर्षं. नीलेशलाही नाही, केतकीलाही नाही. मी तिथे बसून रडले, ईनबाई, आणि बिचारे रामभाऊ पाण्याची बाटली घेऊन उभे राहिले. त्यांना वाटलं ऊन लागलं.

डोळे पुसून मी त्यांना विचारलं, "रामभाऊ, लग्नात विहिणीचा मान असतो की नाही?"

"असते ना जी."

"माझ्याकडून काकूंचा मान द्यायचा राहिला होता. त्यांनी पाय धुऊ दिले नाहीत. सगळ्या मांडवानं पाहिलं."

"मले आठोते," रामभाऊ म्हणाले. "बाया लय बोलल्या होत्या."

"तो मान मी आज देते. हा अर्धा एकर. निंबाखालचीच जागा नाही, सगळा कोपरा. इथे काडी लागली तर मुलीच्या आईनं दिलेला मान जाळल्यासारखं होईल. नीलेशला मी आजच कळवते."

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काडीपेटी खिशातून काढून बाजूच्या दगडावर ठेवली. "असं पयलेच सांगाचं ना जी मॅडम," ते म्हणाले. "मानाले कोन काडी लावन? डुकराले पाहून घेऊ." एकतीस वर्षांच्या शिकवण्यानं जे झालं नसतं ते तुमच्या मागे ओढलेल्या पायांनी झालं.

निघण्याआधी मी एक काम केलं. माझ्या साड्या कांजीच्या, इस्त्रीच्या, तुम्ही हसायचात त्यांना. पदराला कधी गाठ मारली नव्हती, मारायची कशी तेही नीट येईना. तुमच्या निंबाखालची एक मूठ घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली. घरी जास्वंदीच्या कुंडीत घालणार आहे, मुळं मोकळी करून. मुळांबद्दल तुम्ही पहिल्या दिवशी बरोबर बोलला होतात. आणि दारातल्या त्या प्रकाराबद्दल मला माफ करा, ईनबाई. ठेच्याच्या वेळी सांगायचं होतं, ठसका लागला.

मूर्तिजापूरहून एसटीत बसले. खिडकीजवळची जागा मिळाली, पोरीची माय खिडकीपाशी. गाठ माझ्याच्यानं सैल बसली होती, बडनेरा येईतो मांडीवर, सीटवर, खाली पायाशी काळी माती पसरली. कंडक्टर तिकिटं तपासत आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, माती सांडून राह्यली. काई हाय काय पदराले?"

मी त्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, "नाही."